लूगर की हॅच: मुरलेला सिनेटर ठेवावा की बदलावा?

माझा भाचा गेल्या वर्षी अमेरिकेचा नागरिक झाला. पहिल्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, आधी त्याचा फोन आला, "मामा, इथला सिनेटर माझ्या जन्माआधीपासून खुर्चीत आहे. त्यालाच मत देऊ की समोरच्याला?" कुणाला द्यायचं ते मी सांगितलं नाही. 2012 सालच्या दोन म्हाताऱ्यांची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा सविस्तर मांडतो.

इंडियानाचे रिचर्ड लूगर आणि युटाचे ऑरिन हॅच. दोघेही रिपब्लिकन, दोघेही 1976 साली पहिल्यांदा सिनेटवर निवडून आलेले, दोघांच्याही सहा टर्म होत आलेल्या. 2012 मध्ये लूगर ऐंशीचे, हॅच अठ्ठ्याहत्तरचे. दोघांनाही सातवी टर्म हवी होती आणि दोघांच्याही अंगावर स्वपक्षातलीच टी पार्टी या कट्टर उजव्या चळवळीची मंडळी धावून आली. आपल्याकडे तिकीट श्रेष्ठी कापतात, तिथे प्रायमरीत मतदार कापतात. 8 मे रोजी इंडियानात लूगर यांना 39 टक्के मतं पडली, समोरच्या रिचर्ड मरडॉक यांना 60. सात आठवड्यांनी, 26 जूनला, युटात हॅच 66 टक्के घेऊन आरामात सुटले.

मग लूगर यांचं काम कमी पडलं का? छे. सोव्हिएत संघ कोसळत असताना 1991 मध्ये त्यांनी डेमोक्रॅट सॅम नन यांच्याबरोबर कायदा आणला: तिकडची अण्वस्त्रं मोडीत काढायला अमेरिकेने पैसे द्यायचे. साडेसात हजारांहून जास्त अण्वस्त्रं त्यातून निकामी झाली. युक्रेन, कझाकस्तान आणि बेलारूस या तीन देशांकडे एकही उरलं नाही. भारताशी अणुकरार करण्याची वाट मोकळी करणारं विधेयक नोव्हेंबर 2006 मध्ये सिनेटने 85 विरुद्ध 12 मतांनी मंजूर केलं, तेव्हा परराष्ट्र समितीचे अध्यक्ष लूगरच होते. अमेरिकेने तारापूर अणुवीज केंद्राचं इंधन अडवलं ती रडकथा ज्याला आठवत असेल, त्याला या मताचं मोल वेगळं सांगायला नको.

हॅच यांची पुंजी निराळी, घराघरात शिरलेली. 1984 मध्ये डेमोक्रॅट हेन्री वॅक्समन यांच्याबरोबर केलेल्या कायद्याने जेनेरिक औषधांना दार उघडलं. मूळ औषधाच्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून करायची गरज उरली नाही. आपली गोळी शरीरात तितकीच आणि तशीच उतरते एवढं सिद्ध केलं की पुरे. त्या बदल्यात मूळ कंपन्यांना पेटंटची काही वर्षं वाढवून मिळाली. आज अमेरिकेत दर दहा प्रिस्क्रिप्शनांपैकी नऊ जेनेरिकची असतात, आणि त्यांतल्या कितीतरी गोळ्या गोव्यातल्या वेर्ण्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून निघतात. भाच्याला म्हटलं, तुझ्या बीपीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाच. त्यावर 'मेड इन इंडिया' निघालं. 1997 मध्ये गरीब घरांतल्या मुलांच्या आरोग्य विम्याची योजनाही हॅच यांनी टेड केनेडींना सोबत घेऊन आणली. हे दोघे एरवी बहुतेक मुद्द्यांवर एकमेकांच्या विरुद्ध.

नुसतं काम तोलायचं तर माझ्या तराजूत लूगर यांचं पारडं थोडं खाली झुकतं. पण कझाकस्तानात मोडलेल्या क्षेपणास्त्रावर इंडियानातल्या कोकोमोसारख्या गावात मत मिळत नाही, आणि लूगर नेमके तिथेच गाफील राहिले.

सिनेटर झाल्यावर 1977 मध्ये त्यांनी इंडियानापोलिसमधलं घर विकलं आणि व्हर्जिनियातल्या मॅक्लीनला बिऱ्हाड हलवलं. ड्रायव्हिंग लायसन्सवर आणि मतदारयादीत मात्र विकलेल्या घराचाच पत्ता राहिला. पस्तीस वर्षं! त्या घरात दुसरंच कुटुंब नांदत होतं, आणि सिनेटरसाहेब स्वतःच्या शहरात आले की हॉटेलात उतरत होते. मार्च 2012 मध्ये काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, निवडणूक मंडळाने दोन विरुद्ध एक मताने ठरवलं की लूगर पती-पत्नींना त्या पत्त्यावर मतदान करता येणार नाही. मग घाईघाईने घराण्याच्या शेताचा पत्ता लावला. कायद्याने त्यांची उमेदवारी शाबूत होती, पण 'हा आता आपला राहिला नाही' हे सांगायला मरडॉक यांना भाषणाची गरजच उरली नाही. आमदार मुंबईत फ्लॅट घेऊन गावाकडे फिरकेनासा झाला की पारावर जे बोलतात, तेच तिथे बोललं गेलं. खरं तर इशारा वर्षभर आधीच मिळाला होता. 2011 च्या फेब्रुवारीत मरडॉक यांनी उमेदवारी जाहीर केली, तेव्हा 92 पैकी निम्म्याहून जास्त काउंट्यांचे पक्षाध्यक्ष त्यांच्या बाजूला होते.

हॅच यांचं मात्र पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. 2010 मध्ये युटाचेच दुसरे सिनेटर बॉब बेनेट पक्षाच्या अधिवेशनातच बाद झाले होते, प्रायमरीपर्यंतही पोचले नाहीत. युटात तेव्हा आधी शेजारीपाजारी शाळेच्या वर्गात किंवा कुणाच्या तरी घरी जमायचे आणि प्रतिनिधी निवडायचे. हे प्रतिनिधी पुढे अधिवेशनात मतं द्यायचे. म्हणजे त्या वर्गात कोण येऊन बसतं यावर सगळं ठरायचं. हॅच यांच्या माणसांनी दीड-दोन वर्षं आधीपासून गल्लोगल्ली आपले लोक हेरले आणि त्या संध्याकाळी हजर राहतील अशी व्यवस्था केली. हलवून खुंटा बळकट करणं म्हणतात ते हेच. एप्रिलच्या अधिवेशनात त्यांना 59.2 टक्के मतं मिळाली. साठ मिळाली असती तर प्रायमरीच टळली असती. शिवाय ही शेवटची टर्म असेल, असंही त्यांनी सांगून टाकलं.

या बळकटीची किंमत होती, आणि ती झाकून हॅच यांची तारीफ करणं मला पटत नाही. लहानपणी आईबापांबरोबर कागदपत्रांविना आलेल्या मुलांसाठीचा ड्रीम अ‍ॅक्ट 2001 मध्ये त्यांनी स्वतः मांडला होता. डिसेंबर 2010 मध्ये तो सिनेटपुढे आला तेव्हा त्यांनी मतच दिलं नाही. लूगर यांनी बाजूने दिलं. ओबामांनी सर्वोच्च न्यायालयावर नेमलेल्या सोतोमायोर आणि केगन या न्यायमूर्तींना लूगर यांचा होकार, हॅच यांचा नकार. रशियाबरोबरच्या अण्वस्त्र कराराचंही तसंच. टी पार्टीने लूगर यांच्याविरुद्ध वाचली ती हीच यादी. त्यामुळे 'पत्ता नडला' हे अर्धंच उत्तर, बाकीचं अर्धं या मतांत आहे.

आता समोरच्याकडे वळू, कारण बदल हवा म्हणणारे इथेच घाई करतात. युटात डॅन लिलिनक्विस्ट होते: तरुण, राज्याच्या सिनेटमध्ये पेन्शन सुधारणेचं काम केलेले. ते निवडून आले असते तरी आभाळ कोसळलं नसतं. इंडियानात मरडॉक राज्याचे खजिनदार होते. 2009 मध्ये क्रायस्लर ही मोटार कंपनी वाचवण्याच्या सरकारी योजनेविरुद्ध ते कोर्टात गेले होते, आणि कोकोमोची चूल क्रायस्लरच्या कारखान्यांवर पेटत होती. म्हणजे माणूस कसा आहे हे प्रायमरीआधीच दिसत होतं. ऑक्टोबरमधल्या वादसभेत बलात्कारातून राहिलेल्या गर्भाबद्दल ते 'देवाचीच इच्छा' असं बोलून गेले. नोव्हेंबरमध्ये त्याच इंडियानात रिपब्लिकनांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रॉम्नी दहा टक्क्यांनी जिंकले आणि मरडॉक 50 विरुद्ध 44 टक्क्यांनी डेमोक्रॅट जो डॉनली यांच्याकडून हरले. रिपब्लिकनांचं तेलही गेलं, तूपही गेलं.

हॅच यांनी मतं मागताना ज्येष्ठतेचा हिशोब मांडला होता: सिनेटमध्ये बहुमत आलं की अर्थ समिती माझ्याकडे येईल. 2015 मध्ये ती खरंच आली, आणि 2017 चा करकपातीचा कायदा त्यांच्याच हाताखालून गेला. तो कायदा आवडो न आवडो, ज्येष्ठतेचं वजन खोटं नव्हतं. एच-1बी व्हिसांची संख्या वाढवण्याचं त्यांचं 2013 चं विधेयक मात्र तसंच पडून राहिलं. आणि गंमत बघा, 1976 मध्ये हेच हॅच समोरच्या सिनेटरला 'अठरा वर्षं झाली, आता घरी या' म्हणत प्रचार करत होते. स्वतः बेचाळीस वर्षं बसले.

भाच्याला एवढंच म्हटलं, वय आणि वर्षं मोजत बसू नकोस. तो तुमच्या राज्यात राहतो का ते बघ, गेल्या दोन वर्षांत त्याची मतं कुठून कुठे सरकली ते बघ, आणि मग समोरच्याचं सगळं जुनं बाड काढ. हे शेवटचं सर्वांत जास्त वेळ देऊन कर.

चार दिवसांनी त्याचा मेसेज आला. सिनेटरच्या स्थानिक ऑफिसात जाऊन आला होता. ऑफिस उघडं होतं, भिंतीवरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा होता. "आता समोरच्याची जुनी भाषणं ऐकतोय, मामा. तीन तासांची आहेत."