संमोहनाच्या नावाखाली आमच्या ताईचं घर फोडलं

यावल, रावेर, फैजपूर भागात सध्या मंगल कार्यालयांत 'मोफत संमोहन शिबिरं' भरतात. अशा एका शिबिरातून आमच्या ताईची फसवणूक झाली. तिचे बत्तीस हजार रुपये गेले, पण मी हे पैशांसाठी लिहीत नाहीये. शिबिर घेणाऱ्या माणसाने तिच्या मनात जे घातलं, ते अजून निघालेलं नाही. ताईच्या परवानगीनेच हे सांगते आहे.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत भाऊजी कोरोनाने गेले. केळीची बाग, दोन मुलं, सासूबाई, सगळं ताईवर आलं. धाकटे दीर शेतीचं बघत होते. ताईची झोप उडाली, छातीत धडधड व्हायची. जळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. फरक पडत होता, पण हळूहळू. 'वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतील' हे तिला जड जात होतं. शेजारणीने शिबिराची चिठ्ठी आणून दिली ती याच काळात.

शिबिरात आधी सगळ्यांना बोटं एकमेकांत गुंफायला सांगितलं. 'आता हात सुटणार नाहीत' म्हटल्यावर ज्यांचे सुटले नाहीत त्यांनाच मंचावर घेतलं. सूचना पटकन स्वीकारणारी माणसं अशी चाळून काढली जातात, हे प्रेक्षकांना कळत नाही. मग एका मुलाला ताठ करून दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलं. संमोहन न करताही धडधाकट माणूस थोडा वेळ तसा राहू शकतो. टाळ्या पडल्या आणि बाहेरच्या टेबलावर नावनोंदणी सुरू झाली.

अकरा सिटिंगचं पॅकेज, पैसे आधी आणि रोख. पावतीवर 'देणगी' लिहिलं. एका फॉर्मवर सही घेतली, त्यात बारीक अक्षरांत होतं की हे वैद्यकीय उपचार नाहीत. तोंडाने मात्र तो ताईला सांगत होता, 'गोळ्यांनी मेंदू बधिर होतो, त्या बंद केल्याशिवाय मन उघडत नाही.' ताईने गोळ्या एकदम बंद केल्या. चक्कर, घाम, रात्र रात्र जागरण सुरू झालं. तो म्हणाला, आतलं विष बाहेर पडतंय. अशा गोळ्या अचानक तोडल्या की असा त्रास होऊ शकतो, आणि त्या कमी करायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने. हे त्याला ठाऊक नसेल तर त्याने उपचाराला हात लावायला नको होता, आणि ठाऊक असेल तर तो गुन्हाच आहे.

सर्वात वाईट पुढेच घडलं. 'रोज ऐका' म्हणून त्याने सिटिंगचं रेकॉर्डिंग ताईच्या मोबाइलवर दिलं होतं. मी ते ऐकलं. तो विचारतो, 'नवऱ्याचं ताट दिसतंय? ताटाजवळ कोण उभं आहे? घरातलंच आहे ना? पुरुष आहे ना?' ताई बराच वेळ गप्प. मग तिचा रडवेला आवाज, 'दीर आहेत.' तो म्हणतो, 'बघा, मन कधी खोटं बोलत नाही.'

भाऊजींचा मृत्यू दवाखान्यात झाला, कागदपत्रं घरात आहेत. तरीही ताईला ते ताट 'आठवतं'. आता तिने चूल वेगळी केली आहे. दीर म्हणतात, 'वहिनी, मले एकदा समोर बसून इचारा तं खरं.' ती त्यांच्याकडे बघतही नाही.

संमोहनात आठवलेलं म्हणजे खरं, हा समज फार खोलवर आहे आणि असे लोक त्याच्यावरच जगतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ मध्येच सांगितलं की संमोहनात आलेल्या आठवणी नेहमीच्या आठवणींपेक्षा जास्त भरवशाच्या नसतात. उलट त्यांत कल्पित भाग मिसळू शकतो आणि माणसाला त्यांची खात्री मात्र वाढते. प्रश्नातच उत्तर पेरलं की तेच पीक येतं. मागचा जन्म दाखवणारे, करणी कोणी केली ते सांगणारे, सगळे हेच करतात.

खऱ्या संमोहन उपचाराला मी नावं ठेवत नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये तो उपचाराचं साधन म्हणून मान्य केला. वेदना, चिंता, आणि ताणाने पोट बिघडण्याचा जुनाट आजार यांत काहींना त्याचा उपयोग होतो. पण तो कसा असतो? आधी तुमची पूर्ण माहिती आणि चालू औषधं विचारतात. मग डोळे मिटून, अंग सैल सोडून, एका गोष्टीवर लक्ष लावायला सांगतात. माणूस झोपत नाही. बोललेलं ऐकू येतं, नको वाटलं तर उठता येतं. सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही, म्हणून खात्रीची हमी कोणी देत नाही. भ्रम किंवा भास होणाऱ्या रुग्णाला तर हा प्रकार हानीकारक ठरू शकतो.

समोरच्याला नोंदणी क्रमांक विचारा. मानसोपचारतज्ज्ञाची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. भिंतीवरच्या लॅमिनेट केलेल्या 'आंतरराष्ट्रीय' प्रमाणपत्राने कोणी उपचारक होत नाही. आमच्या माणसाकडे तेवढंच होतं. पैशांची अडचण असेल तर जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

ताईच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत, झोप थोडी लागते. आम्ही ग्राहक आयोगात तक्रार करत आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. 'देणगी'ची पावती, सही केलेल्या फॉर्मचा फोटो आणि ते रेकॉर्डिंग जोडलं आहे. तुमच्या घरात कोणी अशा शिबिरातून पैसे भरले असतील तर चिठ्ठी फाडू नका, मोबाइलमधलं काही पुसू नका, आणि बंद केलेल्या गोळ्यांबद्दल आजच डॉक्टरांना फोन करा.