‘तीन दिवसांत भुरी साफ’ म्हणणारी बाटली

‘हर्बल भुरीनाशक, तीन दिवसांत गॅरंटी.’ २५० मिलीची बाटली, किंमत ४८० रुपये. भुरी म्हणजे पानांवर पिठासारखा पांढरा थर धरणारा बुरशीचा रोग. गच्चीवरचे गुलाब आणि दुधीचा वेल यांच्यासाठी ती एका बागप्रदर्शनातल्या स्टॉलवरून घेतलेली. स्टॉलवाल्याने भुरी आलेल्या झिनियावर तिथल्या तिथे फवारा मारून दाखवला आणि पान हिरवंगार झालं. घरीही पहिल्या फवारणीला तसंच झालं. आठवड्याभरात त्याच पानांवर पांढरे ठिपके परत आले, नव्या फुटव्यावर तर आधीपेक्षा जास्त. फोन केल्यावर उत्तर मिळालं, ‘डोस कमी पडला, अजून एक बाटली घ्या.’ दुसऱ्या बाटलीचे पैसेही असेच गेले.

यातली सगळी चलाखी त्या प्रात्यक्षिकात आहे. भुरीची बुरशी मुख्यतः पानाच्या वरच वाढते, आत जातात ती फक्त तिची शोषक मुळं, तीही वरच्या थरातल्या पेशींपुरती. त्यामुळे ओल्या फडक्याने पुसलं तरी भुरी निघते. नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी पान स्वच्छ दिसतं, पाण्यात साबण असेल तर आणखी लवकर. पेशीत रुतलेली मुळं मात्र तशीच राहतात, आजूबाजूच्या झाडांवरून बीजाणू येतच असतात, आणि पोषक हवेत पाच-सात दिवसांत पुन्हा पांढरा थर चढतो. म्हणून दोन मिनिटांत किंवा तीन दिवसांत दिसलेला परिणाम हा औषधाचा पुरावा धरू नये. विकत घेण्याआधी कोणी फवारून दाखवत असेल, तर शेजारच्या पानावर साधं पाणी फवारायला सांगा. दोन्ही पानं सारखीच दिसतील. घरी तपासायचं असेल तर अर्ध्या झाडावर औषध, अर्ध्यावर पाणी असं करून दहाव्या दिवशी बघा, आणि नवीन पानांकडे बघा.

अशा बाटलीत काय असतं ते घरी बरंचसं कळतं. हलवल्यावर फेस उठून बराच वेळ टिकला तर साबण किंवा डिटर्जंट भरपूर आहे. चमचाभर द्रावणात लिंबू पिळल्यावर बुडबुडे आले तर बहुधा खाण्याचा सोडा आहे. वरच्या बाटलीत दोन्ही निघालं. सोड्याने भुरी काही प्रमाणात दबते हे खरं. पण त्यातला सोडियम कुंडीच्या थोड्याशा मातीत साठत जातो, दर आठवड्याला फवारलं की पानांच्या कडा करपतात. पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर हा त्रास टळतो.

याच्या उलट फसवणूक जास्त धोक्याची आहे. ‘जैविक’ म्हणून घेतलेल्या बाटलीने भुरी खरोखर महिनाभर गायब झाली, तर आनंद मानण्याआधी झाडाकडे नीट बघावं. नवी पानं लहान, जाड, गर्द हिरवी, पेरं आखूड, वेल खुंटलेला असं दिसत असेल, तर हेक्झाकोनाझोलसारखं ट्रायझोल गटातलं रासायनिक बुरशीनाशक बेमालूम मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्यावी. जास्त मात्रेत ही औषधं वाढ रोखतात. द्राक्ष बागायतदारांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे, कारण निर्यातीच्या मालात न फवारलेल्या औषधाचा अंश सापडला की सगळा माल अडकतो. गच्चीवर तपासणी कोण करणार? फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी दुधी तोडून भाजी होते. ही गोष्ट पैसे बुडण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

गंधकातही गल्लत करून विकतात. भुरीसाठी लागतं ते पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, पुड्यावर ‘८०% डब्ल्यूडीजी’ (पाण्यात पसरणारे दाणे) किंवा ‘डब्ल्यूपी’ (पाण्यात मिसळणारी पूड) असं लिहिलेलं. सुट्या पिशवीत मिळणारी पिवळी पूड किंवा जमिनीत घालायचं दाणेदार गंधक फवारणीला चालत नाही. ग्लासभर पाण्यात पाव चमचा टाकून बघा. डब्ल्यूडीजीचे दाणे लगेच विरघळल्यासारखे पसरतात आणि पाणी गढूळ होतं. साधी पूड वर तरंगत राहते, पंपाच्या नोझलमध्ये अडकते आणि पानावर चिकटत नाही. ही चाचणी पास झाली म्हणजे माल अस्सल असं नव्हे, पण ढोबळ बनवाबनवी यात उघडी पडते.

बाटली हातात घेतली की आधी लेबल वाचावं. कीटकनाशक कायदा १९६८ खाली बुरशीनाशकंही येतात. घटकाचं नाव आणि टक्केवारी, नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादन आणि मुदत संपण्याची तारीख, विषबाधेवरचा उतारा, आणि तिरक्या चौकोनातल्या रंगीत त्रिकोणाची विषारीपणाची खूण, हे सगळं हवं. ‘नॅनो’, ‘आयुर्वेदिक’, ‘सर्व बुरशींवर एकच उपाय’ एवढंच असेल तर खाली ठेवा. काही बाटल्यांवर ‘जैव-उत्तेजक’ असं छापून पळवाट काढलेली असते. जैव-उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. ती झाडाच्या वाढीसाठी असतात, रोग बरा करण्याचा दावा त्यांच्यावर करता येत नाही. मोठ्या बाटलीतून ओतून दिलेलं सुटं औषधही घेऊ नये, घरच्या बागेला थोडंच लागतं म्हणून हेच सर्रास गळ्यात मारलं जातं.

फोटो पाठवल्यावर लगेच ‘भुरीच आहे’ सांगून औषध पाठवणारेही खूप. पांढरं दिसलं की भुरी असं नसतं. कापसासारखे पुंजके खोडाच्या बेचक्यात असतील तर ती पिठ्या ढेकूण ही कीड. वेलवर्गीय भाज्यांच्या पानावर वरून शिरांनी अडवलेले पिवळे कोनी डाग आणि खालून करडी बुरशी असेल तर तो केवडा हा वेगळा रोग, त्याला गंधक चालत नाही. काही भोपळ्यांच्या पानांवर शिरांलगत रुपेरी चट्टे जन्मजातच असतात, ते बोटाने पुसले जात नाहीत. मिरचीची भुरी वेगळी, ती पानाच्या आत वाढते. वर पिवळे डाग, खाली पांढुरकी बुरशी, आणि मग पानगळ. तिथे धुऊन काहीच साधत नाही.

खरा उपाय स्वस्त आहे, फक्त चिकाटीचा. आपल्याकडे पाऊस सरल्यावर, थंड रात्री आणि कोरडे दिवस सुरू झाले की भुरी येते. तिला पानावर पाणी साचायला लागत नाही, रात्रीची दमट हवा आणि सावली पुरते. जास्त लागण झालेली पानं काढून पिशवीत बांधून टाका, पण एका वेळी झाडाची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पानं काढू नका. सकाळी झाड साध्या पाण्याने धुवा, म्हणजे दुपारपर्यंत वाळेल. मग ऊन उतरल्यावर ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंना. सात ते दहा दिवसांनी पुन्हा, असं तीन वेळा. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक फवारू नका, पानं भाजतात. कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. काकडी-खरबुजाच्या काही जाती गंधकाला नाजूक असतात, आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस थांबा. मास्क आणि हातमोजे हवेतच. युरिया किंवा शेणखताचा मारा थांबवा, लुसलुशीत फुटव्यावर भुरी सगळ्यात आधी बसते. कुंड्यांमध्ये वारा खेळेल एवढं अंतर ठेवा.

फसवणूक झालीच असेल तर बाटली फेकू नका. बिल, लेबलचे सगळ्या बाजूंनी फोटो, विक्रेत्याशी झालेले मेसेज जपून ठेवा. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी द्या आणि पोच घ्या. उघडलेल्या बाटलीत तुम्हीच काही मिसळलं असा बचाव सहज होतो, त्यामुळे त्याच बॅचची सीलबंद बाटली अजून दुकानात असेल तर अर्जात तसा उल्लेख करा, म्हणजे निरीक्षकाला तिथून नमुना घेता येईल. पैसे परत मिळवायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही.