चित्रपुस्तकांच्या प्रदर्शनासाठी तयार अ‍ॅक्रिलिक क्रेडल: कुठे चालतं, कुठे नाही

काचपेटीत पुस्तक उघडं मांडायला कोन बदलता येणारं तयार अ‍ॅक्रिलिक क्रेडल, म्हणजे उघड्या पुस्तकाला दोन्ही बाजूंनी आधार देणारा पारदर्शक प्लास्टिकचा स्टँड, सोयीचं. पारदर्शक असल्याने नजर चित्रावरच राहते, शिवाय पुढच्या प्रदर्शनालाही उपयोगी पडतं. दोऱ्याने शिवलेलं, मध्यम जाडीचं पुस्तक मधोमध उघडायचं असेल तर याहून वेगळं काही नको.

अडचण येते ती चित्र विसाव्या पृष्ठावर असलं की. डावीकडे पुठ्ठा आणि दहाच पानं, उजवीकडे अख्खा गठ्ठा. क्रेडलच्या दोन्ही बाजू एकाच उंचीवर असतात, त्यामुळे डावा पुठ्ठा अधांतरी राहतो, सगळा ताण कण्याजवळच्या सांध्यावर येतो आणि तिथलं कापड किंवा कागद फाटू लागतो. डाव्या पुठ्ठ्याखाली आम्लमुक्त बोर्डाचे थर रचून दोन्हीकडची पानं एका पातळीवर आणली की हे टळतं. विकत घेताना दोन बाजूंची उंची वेगवेगळी करता येते का, हे आधी बघा. कडांवरून बोटही फिरवा. करवतीची धार राहिली असेल तर चामड्यावर ओरखडे उठतात.

पुस्तक आपणहून जितकं उघडतं तितकंच उघडावं. जुन्या घट्ट बांधणीला ९० अंशसुद्धा जास्त होतात. क्रेडल फार उभं केलं तर त्याची खालची पुढे आलेली कड पुठ्ठ्यांना धरते, पण पानांचा गठ्ठा वजनाने खाली ओघळतो. गठ्ठ्याखालच्या फटीत बरोबर मावेल अशी बोर्डाची पट्टी सरकवावी.

पानं धरायला १० ते १५ मिमी रुंदीची पॉलिएस्टर फिल्म समासावरून न्यावी आणि टोकं मागे एकमेकांना चिकटवावीत. चिकटपट्टी पुस्तकाला अजिबात लागू देऊ नये. फिल्मखाली नख सहज जायला हवं, नाहीतर पानाची कड दबते.

अ‍ॅक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसू नका. स्थिर विद्युत तयार होते आणि कोळशाच्या किंवा पेस्टलच्या मूळ चित्राची भुकटी ओढली जाते. स्पिरिटने बारीक तडे पडतात. ओलं करून घट्ट पिळलेलं मऊ सुती कापड पुरतं.

क्रेडल कितीही चांगलं असलं तरी उजेडाचं गणित तेच. ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाची तीव्रता मोजायचं एकक), रोज ८ तास, ९० दिवस म्हणजे चित्रावर एकूण ३६,००० लक्स-तास उजेड. २०० लक्स ठेवले तर जलरंगांना तेवढाच मारा २३ दिवसांच्या आत बसतो.

मोठ्या, वजनदार ग्रंथांसाठी मात्र हे घेऊ नये. पातळ शीट वाकते आणि कण्याला आधार उरत नाही. त्यासाठी पुस्तकाच्या मापाने आम्लमुक्त बोर्डाचं क्रेडल कापून घ्यावं.