शोरूममधून घेतलेली जुनी गाडी: काही महिने चालवल्यावर बिल पुन्हा उघडून पाहिलं तेव्हा

जुनी गाडी शोरूममधून घेतली की जो तो विचारतो, "केवढ्याला पडली?" आकडा सांगितला की पुढचं वाक्य ठरलेलं: "एवढे? आमच्या ओळखीत एकाने हेच मॉडेल कितीतरी स्वस्तात घेतलं." त्या ओळखीतल्या गाडीचं वर्ष कुठलं, रनिंग किती, कितवा मालक, ठोकलेली होती का, हे कुणालाच सांगता येत नाही. तरी आपल्या मनात शंकेची पाल चुकचुकायची ती चुकचुकतेच.

गाडी आता बरेच महिने हाताखाली आहे. एक मोठी सर्व्हिस झाली, एक बिघाड झाला, लांबचे प्रवास झाले. म्हणून बिल, सर्व्हिसच्या पावत्या आणि खरेदीच्या वेळी करून ठेवलेली टिपणं समोर घेऊन हिशोब मांडला. निकाल आधीच सांगते: गाडीचे जे दिले ते रास्त होते, बिलाचे जे दिले ते नव्हते. या दोन गोष्टी बहुतेक जण एकातच मोजतात आणि मग जास्त गेले की नाही हे कधीच ठरत नाही.

गाडी साधीच आहे. पेट्रोल हॅचबॅक, हाताने गिअर टाकायची, एका मालकाची, पाच वर्षं वापरलेली. एव्हरेज, आवाज, डिकीची जागा यांवर लिहिण्यासारखं विशेष काही नाही. कंपनीने नवीन असताना जे सांगितलं होतं त्याच्या आसपासच सगळं आहे.

आधी गाडीच्या किमतीचं बघू. भाव ताडून बघायला लोक जाहिराती बघतात आणि सगळ्यात स्वस्त आकडा मनात धरून बसतात. पण जाहिरातीतला आकडा हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. शिवाय जी जाहिरात आठवडेच्या आठवडे दिसत राहते ती गाडी त्या भावात कुणी घेत नाहीये, एवढाच तिचा अर्थ. उलट चांगल्या भावातली गाडी दोनचार दिवसांत नाहीशी होते आणि आपल्या नजरेला पडतच नाही. त्यामुळे कुठल्याही एका दिवशी जाहिराती चाळल्या तर बाजार आहे त्यापेक्षा महाग दिसतो. आणि त्यातली एखादी फारच स्वस्त गाडी दिसली तर तिच्यात काहीतरी भानगड असण्याची शक्यता मोठी. मी खरेदीआधी काही आठवडे तेच मॉडेल, तेच इंजिन, वर्षभर इकडेतिकडे आणि साधारण तेवढंच रनिंग असलेल्या गाड्या एका वहीत लिहून ठेवत होते. कुठली पटकन गेली, कुठलीचा भाव उतरला, कुठली तिथेच पडून आहे. पटकन गेलेल्या गाड्यांचा भाव हाच माझ्या लेखी बाजारभाव. थोडी घासाघीस होऊन त्या त्याच्याही खाली गेल्या असतील, तेवढं गृहीत धरायचं.

दुसरी पायरी जास्त महत्त्वाची, आणि तीच बहुधा वगळली जाते. दोन गाड्यांच्या किमती थेट ताडायच्या नाहीत. प्रत्येकीच्या किमतीत पहिल्या वर्षात हमखास येणारा खर्च मिळवायचा आणि मग ताडायच्या. चारही टायर संपत आलेली, ब्रेक पॅड झिजलेली आणि मोठी सर्व्हिस तोंडावर आलेली गाडी पाच-सात टक्के स्वस्त दिसली तरी घरी आल्यावर महागच पडते.

हा हमखास खर्च खरेदीच्या दिवशी बऱ्यापैकी वाचता येतो. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कधी कधी हे आकडे टायरच्या आतल्या बाजूला येतात, तेव्हा वाकून बघायची तयारी ठेवावी. माझ्या गाडीचे मागचे दोन टायर गाडीच्याच वयाचे निघाले. पुढचे दोन नवे, पण वेगळ्या आणि स्वस्त कंपनीचे. नक्षी खोल असली तरी रबर वयाने कडक होतं, म्हणून मागच्या जोडीचा खर्च मी किमतीतच धरला आणि तसं बोलूनही दाखवलं. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. माझ्या मेकॅनिकने मोजून "अजून बरीच आहे" म्हटल्यावर तो विषय मिटला.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र त्याच्याकडे होतं. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. पुन्हा मारलेला असेल तर आकडा दुपटीवर जातो आणि खाली पुट्टी भरलेली असेल तर आणखी कितीतरी वर. माझ्या गाडीचं डावं मागचं दार दुपटीत निघालं, बाकी सगळीकडे एकसारखे आकडे. दार रंगवलंय म्हणजे गाडी अपघातातली असं होत नाही. दाराच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पाना न लागलेले, चौकटीवरचे वेल्ड कारखान्यातले, म्हणजे ओरखडा झाकलेला. शोरूमवाल्यांनी आधी "एक ठिपकासुद्धा नाही" असं छातीठोकपणे सांगितलं होतं, ते यंत्र दिसताच "दार थोडं टचअप केलंय" वर आलं. भाव त्याच ठिकाणी थोडा उतरला.

सगळ्यात उपयोगी पडला तो स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा. एरर कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाड, आहेत का, एवढंच बहुतेक लोक बघतात आणि कोड नाहीत म्हणून खूश होतात. पण कोड पुसणं हे मिनिटभराचं काम आहे. बघायची गोष्ट वेगळी. गाडीचा कॉम्प्युटर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या चाचण्या चालता चालता स्वतःच घेत असतो. कोड पुसले, आणि पुष्कळ गाड्यांत बॅटरी काढली तरीही, या चाचण्या 'अपूर्ण' दाखवायला लागतात. गाडी थंड इंजिनावरून सुरू होऊन गावातून आणि मोठ्या रस्त्यावरून पुरेशी चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. माझ्या गाडीत बऱ्याच चाचण्या अपूर्ण होत्या. उत्तर आलं की बॅटरी नवी टाकलीय, आणि बॅटरी खरंच नवी होती. तरी लांब चालवून पुन्हा स्कॅन केल्याशिवाय बयाणा देणार नाही, असं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. पण चाचण्या बहुतेक पूर्ण झाल्या, इंजिनच्या बिघाडाचा दिवा लागला नाही, आणि आजपर्यंत लागलेला नाही.

हे सगळं धरून, वहीतल्या गाड्यांशी ताडून पाहिलं तर गाडीला मी बाजारभावापेक्षा तीन-चार टक्के जास्त दिले. हे जास्त आहेत का? माझ्या मते नाहीत. शोरूम गाडी विकत घेतं, धुऊन-पुसून, दुरुस्त करून उभी करतं, त्यात त्यांचा पैसा अडकतो, जागेचं भाडं असतं. नोंदणी, जुनं कर्ज फिटल्याचा कागद, सर्व्हिसच्या नोंदी हे सगळं एका फायलीत हातात येतं. थेट मालकाकडून घेताना हीच धावपळ आपल्याला करावी लागते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं: गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्यांनाच सरासरी भाव लावतो, आणि त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. २००१ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा या कामासाठीच होता. शोरूमला जे वरचे पैसे द्यायचे ते ही अंधारातली बाजू उजेडात आणण्याचे. फाईल भरलेली असेल, तपासायला मोकळीक असेल, तर त्या पैशांना अर्थ आहे. "आमच्यावर विश्वास ठेवा" एवढ्यावरच भागवत असतील तर एक टक्काही जास्त आहे.

आता बिल. गाडीचा भाव ठरल्यानंतर छापून आलेल्या कागदावर आणखी ओळी होत्या. 'प्रोसेसिंग', 'डॉक्युमेंटेशन', 'सिरॅमिक कोटिंग', 'इंटिरिअर प्रोटेक्शन', 'एक्स्टेंडेड वॉरंटी'. मिळून गाडीच्या किमतीच्या सहा टक्क्यांच्या घरात. म्हणजे भाव करताना जेवढं खाली आणलं होतं त्याहून जास्त मागच्या दाराने परत आत. सरकारी फी पावतीसह दाखवा म्हटल्यावर 'प्रोसेसिंग' गळालं. इंटिरिअरचं नको म्हटल्यावर तेही गेलं. कोटिंगवर मात्र अडून बसले: आधीच केलंय, सगळ्याच गाड्यांना करतो, काढता येत नाही. गाडी पसंत होती, म्हणून तो आकडा माहीत असून दिला. आज त्या कोटिंगचा हिशोब असा की पहिले काही आठवडे पाण्याचे थेंब गोल गोल घरंगळायचे, आता गाडी शेजारच्या कुठल्याही गाडीइतकीच मळते आणि तितक्याच वेळात धुतली जाते. विकताना त्यासाठी कुणी छदामही वाढवून देणार नाही.

कर्जाचं टेबल वेगळं होतं. तिथल्या माणसाचा पहिला प्रश्न: "महिन्याला किती जमेल?" याचं उत्तर देऊ नये. हप्ता छोटा करायला मुदत वाढवली की झालं, मग गाडीची किंमत, कोटिंग, वॉरंटी सगळं त्या हप्त्यात विरघळून जातं. दुसरं, सांगितला जाणारा दर 'फ्लॅट' आहे का ते विचारावं. फ्लॅट दरात व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लागतं, फेडलेली रक्कम वजा होत नाही. पाच वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशोबाने सव्वासतरा टक्क्यांहून किंचित जास्त. मी बाहेरून कर्ज मंजूर करून घेऊन गेले होते, तेव्हा ते टेबल पटकन उरकलं. पण ज्यांनी तिथेच घेतलं त्यांनी आपण जास्त दिले का हे बघताना किंमत आधी बाजूला ठेवावी आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज करावी. बऱ्याचदा पैसे तिथे गेलेले असतात.

वॉरंटीचा अनुभव मधल्या काळात आला. एका संध्याकाळी बॅटरीचा दिवा लागला. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला होता. वॉरंटीच्या पहिल्या पानावर 'संपूर्ण संरक्षण' असं मोठ्या अक्षरात होतं. आतल्या पानावर व्याख्या होती: इंजिनचे वंगण असलेले आतले भाग आणि गिअरबॉक्स. अल्टरनेटर विद्युत भागांत मोडतो म्हणून बाहेर. दोन-तीन फोननंतर मजुरीत थोडी सूट दिली, पार्टचे पैसे माझे. ही वॉरंटी माझ्या हिशोबात मी जवळजवळ शून्याने धरली आहे.

मात्र अल्टरनेटरचा खर्च मी 'जास्त दिले' या खात्यात टाकलेला नाही. खरेदीच्या दिवशी चार्जिंगचं व्होल्टेज मोजलं होतं, इंजिन चालू असताना १४ च्या थोडं वर होतं, म्हणजे ठीक. नंतर गेलं तो नशिबाचा भाग. इथे लोकांची गल्लत होते. घेतल्यावर काही बिघडलं की गाडी महाग पडली म्हणतात, काही बिघडलं नाही की स्वस्तात मिळाली म्हणतात. किंमत बरोबर होती की नाही हे त्या दिवशी जे दिसत होतं आणि तपासता येत होतं त्यावर ठरतं. मागचे टायर त्या दिवशी दिसत होते, म्हणून ते खात्यात. अल्टरनेटर दिसत नव्हता, म्हणून नाही.

आणखी एक कसोटी लोक लावतात: आता विकायला गेलं तर किती मिळतील? मीही एका दुसऱ्या शोरूममध्ये सहज आकडा काढला. दिलेल्या पैशांपेक्षा बराच खाली, ऐकून क्षणभर पोटात गोळा आला. पण हा शोरूमचा घ्यायचा भाव आहे, द्यायचा नव्हे. त्या दोहोंत फरक असणारच. तोच फरक पहिल्या दिवशीही होता. ताडायचं असेल तर आपल्यासारखीच गाडी ते आज केवढ्याला विकतायत ते बघावं. तशी एक उभी होती. वर्ष तेच, रनिंग थोडं कमी, आणि तिच्या किमतीवरून मागे जात मोजलं तर महिन्यागणिक माझी गाडी जेवढी उतरायला हवी होती तेवढीच उतरली आहे.

एक ओळ अजून कोरी आहे. टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनातल्या ठरावीक काळाने बदलाव्या लागणाऱ्या पट्ट्याची. किलोमीटर भरलेले नाहीत, पण कंपनीने वर्षांचीही मर्यादा दिलेली आहे आणि ती जवळ आलीय. बेल्ट बदलल्याची नोंद फायलीत नव्हती, म्हणून भाव करतानाच अंदाजे रक्कम धरून ठेवली होती. गॅरेजने वॉटर पंपही सोबतच बदलायला सांगितलाय, कारण उघडण्याची मजुरी तीच. दोन्हींचं मिळून कोटेशन धरलेल्या रकमेत बसलं तर गाडीचे ते तीन-चार टक्के तसेच राहतील. नाही बसलं तर एखादा टक्का वाढवावा लागेल.