‘रस नाही’ दाबून काही होत नाही, हिस्ट्री पुसा

या व्हिडिओ ॲपची वर्गणी भरतेय त्याला बरेच महिने झाले, आणि शिफारशी सुरुवातीला झकास होत्या. दुर्बिणीचा आरसा घरी कसा घासायचा हे मी बघते. कोणी बघत नसलेले चॅनेलसुद्धा यानं शोधून समोर ठेवले.

मग एका दुपारी पाहुण्यांच्या मुलानं माझ्या खात्यावर बुलडोझरचे व्हिडिओ लावले. ऑटोप्लेनं पुढचे आपोआप लागत गेले. तेव्हापासून होमपेजवर नुसती खोदाई.

तीन टिंबांखाली ‘रस नाही’ आहे. दाबलं की कार्ड जातं, रिफ्रेश केलं की दुसरा बुलडोझर हजर! कस्टमर केअरचा सल्ला: ॲप काढून पुन्हा टाका. अहो, माझी आवडनिवड सर्व्हरवर, खात्याला बांधलेली; फोनमधून ॲप काढून काय फरक पडणार? संताप आला.

यूट्यूबच्या इंजिनिअरांचा २०१६ चा पेपर वाचला, तेव्हा कोडं जरा सुटलं. आधी लाखो व्हिडिओंतून काहीशे उचलायचे, मग त्यांची क्रमवारी लावायची. क्रमवारीचं मॉडेल क्लिकवर नाही, माणूस किती वेळ बघेल यावर शिकवलेलं. माझं ॲप वेगळं, पण तऱ्हा तीच दिसते. ऑटोप्लेचे तास म्हणजे ‘आवडलं’ची भक्कम साक्ष, त्यापुढे बटणाची एक टिचकी कुठे पुरणार? फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं २०२२ मध्ये यूट्यूबची बटणं वीस हजारांहून जास्त लोकांच्या मदतीनं तपासली. ‘रस नाही’नं नकोशा शिफारशी जेमतेम ११ टक्के कमी झाल्या, हिस्ट्रीतून व्हिडिओ काढल्यावर २९ टक्के आणि ‘हा चॅनेल सुचवू नका’नं ४३ टक्के.

म्हणून त्या दुपारची हिस्ट्री एकेक करून पुसली, चार चॅनेल बंद केले. काही दिवसांत आरसे परतले! शिवाय वर्णपटमापक (प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणारं उपकरण) घरी बनवणाऱ्या एकाचा व्हिडिओ आला. हा विषय मी कधी शोधलाही नव्हता. आरसे घासणारे तेही बघत असणार, त्या ओळखीनं आला. कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंगची, म्हणजे सारख्या आवडीच्या लोकांनी बघितलेलं सुचवण्याच्या पद्धतीची, ही बाजू मला मनापासून आवडते, त्यामुळे एक तारा देणार होते ते तीनवर आले.

उरलेले दोन बटणापायी कापले. दाबल्यावर ‘नोंद घेतली’ लिहून येतं, तर ती नोंद क्रमवारीत दिसली पाहिजे. वर्गणी तूर्त महिन्यापुरतीच भरतेय, वर्षाची नाही. पाहुणे आले की आधी सेटिंग्जमध्ये जाऊन हिस्ट्री थांबवते. तो स्विच तिसऱ्या स्क्रीनवर, अगदी तळाशी आहे.