बुलेटचं इंजिन: चेन ब्लॉक की दोन माणसं?

भाच्याला जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० चं इंजिन घरीच उतरवायचंय. चेन ब्लॉक (साखळी ओढून ओझं उचलायची कप्पी) भाड्याने आणू की मित्राला बोलावू, यात अडकलाय.

खर्च? मित्र चहावर येतो. पण कमरेचा हिशोबही धर. हेड-बॅरल (इंजिनचा वरचा भाग) आधी काढलं तर ओझं बरंच कमी होतं; सांध्यातलं गॅस्केट (गळती रोखणारा पातळ थर) मात्र नवं लागतं.

खरा फरक बसवताना. या फ्रेमला इंजिनखाली नळीच नाही, तिची पुढची-मागची बाजू जोडणारा दुवा इंजिनच. म्हणून फ्रेमला टेकू दोन्ही पर्यायांत हवाच. ब्लॉकवर इंजिन लोंबकळत ठेवून बोल्टची भोकं निवांत जुळवता येतात. हातांवर धरलं की बोटं चिमटतात. ब्लॉक पक्क्या तुळईलाच टांगायचा, पत्र्याच्या शेडला नाही!

इंजिन उघडायचंच असेल तर हेड-बॅरल तसंही निघणार, मित्र पुरे. अख्खं काढून अख्खंच बसवायचं, किंवा एकट्यानेच करायचं, तर ब्लॉक आण.