जुनं ग्राउंड की नवं स्टेडियम? आवाजासाठीच मॅच बघायची असेल तर तिकीट कुठलं काढायचं

युरोपात जाऊन आयुष्यात एक तरी फुटबॉल मॅच स्टेडियममध्ये बसून बघायची असं ठरवलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो, जुन्या ग्राउंडवर जाऊ की नव्या चकाचक स्टेडियममध्ये. उत्तरंही ठरलेली, जुन्यात जीव आहे, नवं म्हणजे मॉल. मला हे अर्धवट वाटतं. काही जुनी ग्राउंड्स मरणाची शांत असतात आणि नव्यातली काही कानठळ्या बसवतात, त्यामुळे बांधकामाचं साल बघून तिकीट काढू नका. लोक मैदानाच्या किती जवळ आहेत, डोक्यावरचं छप्पर कसलं आहे आणि गाणारी मंडळी एकत्र आहेत की विखुरलीयेत, एवढं बघा. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच कोणी बघत नाही.

आधी आवाजाचं गणित, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. जास्त माणसं म्हणजे जास्त आवाज हे खरं, पण वाटतं तितकं नाही. माणसं दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. आर्सेनलचं जुनं हायबरी ३८ हजारांचं होतं, नवं एमिरेट्स ६० हजारांचं, म्हणजे बावीस हजार डोकी वाढवून हिशोबाने मिळाले जेमतेम २ डेसिबल, तेही सगळे पूर्वीइतकेच ओरडले तर. तीच माणसं लांब बसली आणि छप्पर उंच गेलं की हे दोन डेसिबल कुठल्या कुठे जातात. शिवाय आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो आणि मैदानच शंभर मीटरपेक्षा लांब असतं, त्यामुळे एका गोलमागचं गाणं दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या एक तृतीयांश उशिरा पोचतं, तिकडचे लोक त्यावर टाळ्या धरायला जातात, ताल घसरतो, आणि दोन ओळींत सगळं विरून जातं. म्हणूनच एका स्टँडमध्ये दाटीवाटीने उभे असलेले पाच हजार लोक जे करतात ते चारी बाजूंना पसरलेल्या पंधरा हजारांना जमत नाही.

जुन्या इंग्लिश ग्राउंड्समध्ये आवाज का घुमायचा याचं उत्तर खांबांत आहे. हो, तेच खांब, ज्यांच्या मागे सीट आली की निम्मा गोल दिसत नाही आणि पैसे देऊन मान वाकडी करत बसावं लागतं. खांबावर टेकलेलं छप्पर खाली आणि अगदी पुढपर्यंत आणता येतं, वरचा मजला खालच्याच्या डोक्यावर आणून ठेवता येतो, मागे पत्र्याची किंवा विटांची भिंत. पत्र्याच्या शेडमध्ये चार माणसं बोलली तरी कल्ला वाटतो, तसाच प्रकार. नवीन स्टेडियममध्ये खांब नकोत म्हणून छप्पर वरून अधांतरी आणायचं, मग ते उंच जातं. त्यात पायाला जागा, रुंद जिने, व्हीलचेअरवाल्यांसाठी नीट जागा (हे हवंच, याबद्दल वाद नाही) आणि मधोमध काचेच्या कॉर्पोरेट बॉक्सेसचा अख्खा मजला. या बॉक्सेसमुळे वरचा मजला अजून वर आणि मागे सरकतो. आणि त्यातली मंडळी हाफटाइमला आत गेली की दुसरा हाफ सुरू होऊन पाच-दहा मिनिटं झाली तरी बाहेर येत नाहीत. लंडनच्या वेम्बली स्टेडियमची मॅच टीव्हीवर बघताना कॅमेऱ्यासमोरचा मधला पट्टा रिकामा दिसतो ना, तो हाच.

आता एकाच क्लबचं जुनं आणि नवं अशा जोड्या घेऊ. सगळ्यात ताजी जोडी लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टनची. गुडिसन पार्क १८९२ चं, चारी बाजूंनी गल्ल्या आणि घरं, एका कोपऱ्यात चक्क चर्च, आणि आर्चिबाल्ड लीच या इंजिनिअरचे स्टँड, ज्यांच्या कठड्यावरची लोखंडी फुल्याफुल्यांची नक्षी लांबून ओळखू येते. बुलन्स रोडच्या वरच्या मजल्यावर अजून लाकडी खुर्च्या होत्या. आपला विंगर (कडेने धावणारा खेळाडू) बॉल घेऊन सुटला की अख्खी रांग एकदम उठायची आणि त्या खुर्च्या मागे आपटायच्या, खट-खट-खट अशी लाटच जायची स्टँडभर, म्हणजे कोणी तोंड उघडायच्या आधीच आवाज सुरू. प्लास्टिकच्या सीटपण आपटतात पण ती मजा नाही. पुरुष संघाची तिथली शेवटची मॅच १८ मे २०२५ ला झाली, साउथॅम्प्टनविरुद्ध २-०, दोन्ही गोल एन्डियायचे. ऑगस्टमध्ये ब्रॅमली-मूर डॉकवरचं हिल डिकिन्सन स्टेडियम सुरू झालं, जवळपास ५३ हजारांचं, आणि तिथल्या लीगच्या पहिल्याच मॅचमध्ये ब्रायटनला २-० हरवलं, पहिला गोल परत एन्डियायचाच!

इथे डिझाइन करणाऱ्यांनी काहीतरी अभ्यास केलाय हे जाणवतं. गोलमागचा साउथ स्टँड एकसंध आहे, मध्ये बॉक्सेसचा पट्टा नाही, आणि चढ ३५ अंशांच्या मर्यादेला जवळजवळ टेकवलाय, म्हणजे मागच्या रांगेतला माणूसही मैदानावर वाकून बघतोय असं वाटतं. माझं मत, गुडिसनचा कर्कश, अंगावर येणारा आवाज इथे नाही, पण आवाज टिकतो जास्त वेळ. तुम्हाला गुडिसन बघायचंच असेल तर अजून वेळ गेलेली नाही, ते पाडलं नाही, एव्हर्टनचा महिला संघ आता तिथे खेळतो. फक्त वरचे मजले बंद ठेवलेत, त्यामुळे पूर्वीचा कल्ला मिळणार नाही, वास्तू बघायला मिळेल.

दुसरी जोडी लंडनच्या वेस्ट हॅमची. घर बदलताना काय करू नये ते शिकायचं असेल तर हीच बघावी. अप्टन पार्क ३५ हजारांचं, पूर्वेकडचा स्टँड साइडलाइनला इतका खेटून की थ्रो-इन घ्यायला आलेल्या खेळाडूला आपल्या खानदानाचा उद्धार शब्दन् शब्द ऐकू यायचा. शेवटची मॅच १० मे २०१६, मँचेस्टर युनायटेडला ३-२ हरवून. तिथून गेले लंडन स्टेडियममध्ये, जे २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं, म्हणजे मुळात धावपट्टीचं स्टेडियम. सरकत्या सीट्स पुढे आणल्या तरी गोलमागे मोठी मोकळी जागा राहतेच, आणि खालच्या-वरच्या मजल्यांच्या मध्येही भलं मोठं अंतर. गोलमागच्या वरच्या मजल्यावरून समोरच्या गोलवर काय चाललंय ते अंदाजानेच समजून घ्यायचं. सुरुवातीच्या काळात तर उभं राहून मॅच बघणारे आणि बसून बघणारे यांची आपसातच भांडणं. ६२ हजारांच्या वर लोक बसतात, आणि तरी कित्येक साध्या मॅचेसना पाहुण्या टीमचे तीन हजार लोक जास्त ऐकू येतात.

पण याच स्टेडियममध्ये मार्च २०२२ मध्ये युरोपा लीगला स्पेनच्या सेव्हियाविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये वेस्ट हॅमच्या यारमोलेन्कोने गोल केला तेव्हा जो आवाज झाला तो अप्टन पार्कवाल्यांनीही मानला. म्हणजे स्टेडियम वाईट असलं तरी मॅच तशी असेल तर लोक भरून काढतात. फक्त तशी मॅच रोज नसते आणि तुम्ही तिकीट सहा महिने आधी काढणार.

आर्सेनलबद्दल थोडक्यात. हायबरीलाच लोक लायब्ररी म्हणायचे, त्यामुळे एमिरेट्सला सगळा दोष देणं बरोबर नाही. आत पसरट वाटी, गुबगुबीत सीट्स, मधला अख्खा मजला महागड्या तिकीटवाल्यांचा, बरीच वर्षं खरंच थंड होतं. अलीकडे टीम वर आली आणि एका गोलमागच्या क्लॉक एंड स्टँडला अ‍ॅशबर्टन आर्मी नावाचा तरुण पोरांचा ग्रुप एकत्र उभा राहून गायला लागला, तर फरक लगेच कळतो. छप्पर तेच, सीट्स त्याच.

टॉटनहॅमने हा धडा घेऊनच बांधलं असावं. जुन्या व्हाइट हार्ट लेनचा शेवटचा २०१६-१७ चा सीझन लीगमध्ये घरी एकही मॅच न हरता संपवला, १७ जिंकल्या, २ बरोबरीत. नवं स्टेडियम एप्रिल २०१९ ला सुरू झालं, त्यात १७,५०० लोकांचा एकसंध साउथ स्टँड, जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या स्टँडवरून स्फूर्ती घेतलेला. आवाजासाठी मुद्दाम बांधलेलं आहे आणि चांगल्या रात्री ते कळतं. पण टीम हरायला लागली की तोच स्टँड तितक्याच ताकदीने आपल्याच खेळाडूंना शिव्या घालतो, हेही आलंच!

आता उलट बाजू, जिथे नवं सरळसरळ जिंकतं. इटलीतल्या युव्हेंटसचं देल्ले आल्पी १९९० चं, ६९ हजारांचं, धावपट्टीमुळे मैदान कोसभर लांब, आणि निम्म्याहून जास्त रिकामं. त्याच जागेवर २०११ मध्ये त्यांनी ४१ हजारांचं बांधलं, म्हणजे मुद्दाम लहान, पहिली रांग मैदानापासून साडेसात मीटरवर, आणि एकदम वेगळंच घर झालं. बायर्न म्युनिकचं १९७२ चं ऑलिंपिक स्टेडियम दिसायला देखणं, तंबूसारखं पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं छप्पर, पण फुटबॉलला बेकार, वाऱ्यात आवाज उडून जायचा. २००५ चं अलियान्झ अरीना त्यापेक्षा शंभर पटीने बरं. जुनं ते सोनं वगैरे म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत. आणि फुलमचं क्रेव्हन कॉटेजही, तिथला एक स्टँड १९०५ चा आहे, शेजारी थेम्स नदी, लाकडी सीट्स, फोटो काढायला इतकं सुंदर ग्राउंड लंडनमध्ये दुसरं नसेल, पण आवाजासाठी जाल तर पदरी निराशा. बरीच वर्षं तर तिथे कुठल्याच टीमचे नसलेल्यांसाठी वेगळा विभाग होता, आता बोला.

मग जुन्या ग्राउंडवरून नव्यात गेलं की नेमकं काय हरवतं? माझ्या मते शेजार हरवतो. पंधरा-वीस वर्षं एकाच खांबाजवळ उभे राहणारे आठ-दहा लोक असतात, गाणं सुरू कोण करणार हे त्यांच्यात न बोलता ठरलेलं असतं. नव्या स्टेडियममध्ये सीट वाटप ऑनलाइन, रांगेप्रमाणे, बजेटप्रमाणे, मग एक वरच्या मजल्यावर, एक कोपऱ्यात, एकाला परवडलंच नाही. एकटा माणूस गाणं सुरू करत नाही, लाजतो. इंग्लंडमध्ये हे एकदा आधीही झालंय. १९८९ ला हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत ९७ लोक गेले, त्यानंतरच्या टेलर चौकशी अहवालाने वरच्या दोन डिव्हिजनमध्ये सगळ्यांना बसवलं. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड ग्राउंडवरच्या कॉप नावाच्या स्टँडमध्ये एकेकाळी २८ हजार लोक उभे राहायचे, १९९४ ला सीट्स आल्यावर ते बारा-साडेबारा हजारांवर आलं. सुरक्षेसाठी तेव्हा ते गरजेचं होतं, यात दुमत नाही. २०२२ पासून रेलिंगवाल्या सीट्स लावून उभं राहायला परत परवानगी मिळालीय आणि जिथे जिथे ते केलंय तिथे आवाज वाढलाय असं मला तरी वाटतं.

जर्मनीत उभे राहायचे स्टँड कधी गेलेच नाहीत. डॉर्टमुंडचा साउथ स्टँड लीगच्या मॅचला जवळपास २४,५०० उभ्या लोकांचा, आणि स्टेडियम १९७४ चं, म्हणजे धड जुनं नाही धड नवं नाही. बर्लिनमधल्या युनियन क्लबचं ग्राउंड २२ हजारांचं, त्यातले अठरा हजारांवर उभे, २००८ च्या सुमाराला फॅन्सनी स्वतः सिमेंट-वाळू वाहून दुरुस्त केलेलं. आणि जवळ बसल्याशिवाय आवाज होत नाही या माझ्याच मुद्द्याला इटलीतला नापोली क्लब सुरुंग लावतो, भोवती धावपट्टी, स्टेडियम १९५९ चं, सोयी यथातथा, तरी अंगावर काटा येईल असा आवाज. दोन्ही गोलमागचे ग्रुप्स ढोल आणि मेगाफोन घेऊन नव्वद मिनिटं चालवतात, बाकी स्टेडियम मागोमाग.

या आवाजाने मॅचवर फरक पडतो का, हेही लोक विचारतात. २०२०-२१ चा प्रीमियर लीग सीझन जवळपास पूर्ण रिकाम्या स्टेडियममध्ये झाला, त्यात घरच्या टीमने १४४ मॅचेस जिंकल्या आणि पाहुण्यांनी १५३. असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. २००२ च्या एका इंग्लिश प्रयोगात रेफरींना एकाच मॅचचे प्रसंग दाखवले, काहींना आवाजासकट, काहींना आवाज बंद करून, तर आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या टीमविरुद्ध कमी फाउल दिले. म्हणजे ओरडणं वाया जात नाही, पण त्याचा परिणाम स्ट्रायकरपेक्षा शिट्टीवाल्यावर जास्त होतो.

एक सावधगिरी, टीव्ही किंवा यूट्यूब बघून ठरवू नका. माइक मैदानाच्या कडेला असतात, कंट्रोल रूममध्ये आवाज कमी-जास्त करतात, आणि मोबाइलवर काढलेल्या क्लिपमध्ये तर शेजारचा माणूसच ऐकू येतो.

तर माझा सल्ला. एकच मॅच असेल, बजेट बेताचं असेल आणि निव्वळ कल्ला हवा असेल तर इंग्लंडच्या मोठ्या नावांच्या मागे न लागता जर्मनी बघा, तिथे तिकीट मिळवणं मात्र सोपं नाही, डॉर्टमुंडचा तो स्टँड बहुतेक सीझन तिकीटवाल्यांनी भरलेला असतो. इंग्लंडच हवं असेल आणि जुनं हवं असेल तर क्रिस्टल पॅलेसचं सेलहर्स्ट पार्क, तिथे होम्सडेल एंड या गोलमागच्या स्टँडचा ग्रुप ढोल घेऊन असतो, आजूबाजूचं सगळं जुनाट आणि अडचणीचं, पण पैसे वसूल. नवं हवं असेल तर एव्हर्टन किंवा टॉटनहॅम, साउथ स्टँड मिळाला तर उत्तमच, नाहीतर त्याच्या बाजूचा कोपरा घ्या, मधोमध महागडी सीट घेऊ नका, खेळ छान दिसेल पण शेजारचे लोक हूं की चूं करणार नाहीत. सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर मात्र निमूटपणे नवं स्टेडियम, गोलपासून लांब. रात्रीची मॅच मिळत असेल तर दुपारच्यापेक्षा ती घ्या, शनिवारी दुपारी साडेबाराच्या मॅचला अ‍ॅनफिल्डसुद्धा जांभया देतं. आणि गाणाऱ्यांच्या स्टँडमध्ये तिकीट मिळालंच तर फोन खिशात ठेवा, नव्वद मिनिटं व्हिडिओ काढणाऱ्याकडे तिथले लोक कसे बघतात ते अनुभवायची गरज नाही.